‘पाव’ शब्दाची कुळे

काही वर्षांपूर्वी बेळगावला आमच्या एका आप्ताच्या घरी लग्नकार्य होते. कार्य आटोपल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी पाहुणेमंडळी माजघरात चहाला बसली होती. कोणी इंदूरहून आलेले, कोणी बडोद्याहून, कोणी हैदराबादेहून. आणि गोव्याच्या मंडळींनी येताना टोपलीभर ताजे पाव आणले होते. बश्या फिरल्या. घरातल्या वडीलधाऱ्या आत्याबाईंनी मात्र आपली बशी हलकेच बाजूला सारली. “पायांनी तुडवलेल्या कणकेचं ते. म्हणून तर त्याला पाव म्हणतात. मला नको,” असे त्या म्हणाल्या. इंदूरच्या एका मुलाने लगेच दुजोरा दिला, “बरोबर आहे आत्याआजी, आमच्याकडे पायाला पाँवच म्हणतात.” त्यावर बडोद्याचे एक गृहस्थ म्हणाले, “छे, छे! पाव म्हणजे चौथा हिस्सा. चार एकत्र चिकटलेले असतात, त्यांतला एक तो पाव.” गोव्याच्या वहिनी काहीच बोलल्या नाहीत. त्यांनी टोपली फडक्याने पुन्हा झाकली.

त्या झाकलेल्या टोपलीची मला पुढे अनेकदा आठवण झाली. शब्दांची व्युत्पत्ती हा पंडितांचा फावल्या वेळचा विषय आहे, त्याने कोणाचे काय अडते, असे आपण समजतो. परंतु चुकीची व्युत्पत्ती पाहुण्याला भरल्या ताटावरून उठवू शकते, एखाद्याच्या हातच्या अन्नाला पिढ्यान् पिढ्या बोल लावू शकते. म्हणून आज या दोन अक्षरांच्या शब्दाची थोडी बारकाईने चौकशी करू. ही चौकशी आपल्यासारख्या, अन्य भाषांच्या शेजारात पिढ्यान् पिढ्या राहणाऱ्या मराठी मंडळींनाच अधिक सोपी जाईल. कारण या शब्दाची निरनिराळी कुळे नेमकी आपल्याच उंबरठ्यांवर एकमेकांना भेटली आहेत.

प्रथम घरचे कूळ पाहू. संस्कृतातील ‘पाद’ म्हणजे पाय. चतुष्पाद जनावराला पाय चार. त्यांपैकी एक पाय म्हणजे चौथा भाग. यावरून ‘पाद’ या शब्दाला चतुर्थांश हा अर्थ आला. हा अर्थ फार जुना आहे. ऋग्वेदातील पुरुषसूक्तात सर्व भूतमात्र हा त्या विराट पुरुषाचा एक पाद असून उरलेले तीन पाद द्युलोकी आहेत, असे म्हटले आहे. पाणिनीच्या अष्टाध्यायीत अध्याय आठ, आणि प्रत्येक अध्यायाचे पाद चार. अनुष्टुभ् छंदातील श्लोकाचेही पाद चारच.

प्राकृतात दोन स्वरांमध्ये सापडलेला ‘द’ गळून जाई. ‘नदी’ची ‘नई’ झाली, तसा ‘पाद’चा ‘पाअ’ झाला. पण दोन स्वर असे लागोपाठ उच्चारणे जिभेला अवघड जाते. मग ती मध्ये ‘य’ किंवा ‘व’ यांचा आधार घेते. मराठीने येथे मोठी चतुराई केली. चालावयाच्या अवयवासाठी ‘य’ घेतला आणि ‘पाय’ केला. चतुर्थांशासाठी ‘व’ घेतला आणि ‘पाव’ केला. एकाच बापाचे हे दोन मुलगे, पण दोघांनी कामे वाटून घेतली. हिंदीने दोन्हीकडे ‘व’च घेतला, म्हणून तेथे पायाला नाकातून ‘पाँव’ आणि चौथाईला ‘पाव’. गुजरातीत चौथाईला नुसते ‘पा’ म्हणतात.

या घराण्याचा विस्तार मोठा आहे. पादाने उणा तो ‘पादोन’, त्याचे ‘पाऊण’. पादासहित तो ‘सपाद’, त्याचा ‘सव्वा’. ‘पावणेदोन’मधले ‘पावणे’ हे याच पादोनाचे रूप. आपल्या आजोबांच्या पिढीने शाळेत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी घोकली, ती याच कुळाच्या आधारावर. चार आण्यांच्या नाण्याला मराठीत व गुजरातीत ‘पावली’, तर तेलुगूत ‘पावला’. दशमान नाणी १९५७ साली आली आणि पावलीचे पंचवीस पैसे झाले. ते पंचवीस पैशांचे नाणेही २०११ च्या जूनअखेरीस चलनातून गेले. शेर गेला आणि किलो आला, पण दुकानात आपण आजही ‘पाव किलो’च मागतो. माप बदलले, नाणे बुडाले, तरी शब्द टिकला.

घरातच दुसरे एक कूळ आहे आणि त्याचा पहिल्याशी काहीही संबंध नाही. ‘देव पावला’, ‘नवसाला पावणारा गणपती’, ‘मान पावणे’, ‘मृत्यू पावणे’ यांतील ‘पाव’ हा संस्कृत ‘प्र’ आणि ‘आप्’ यांपासून, म्हणजे ‘प्राप्त होणे’ या अर्थाच्या धातूपासून आला. प्राकृतात त्याचे ‘पावइ’ झाले. हिंदीतील ‘पाना’ त्याच घराण्यातला. पैसे मिळाल्याची ‘पावती’ आपण देतो, तीही याच घरची. ‘देवा, मला पाव’ असे आजीने म्हटले, की नातवंडांना देवाकडे ती खाण्याचा पाव मागते आहे असे वाटते आणि घरात हशा पिकतो. त्या हशाचे कारण हेच, की तीन कुळांचे तीन शब्द मराठीच्या एकाच उच्चारात येऊन बसले आहेत. पाऊस व पावसाळा यांतील ‘पाव’ तर चौथ्याच ठिकाणाहून, ‘प्रावृष्’ या वर्षावाचक शब्दातून आला.

आता तिसऱ्या कुळाकडे, म्हणजे खाण्याच्या पावाकडे वळू. लॅटिन भाषेत भाकरीला, रोटीला ‘पानिस’ म्हणत. त्यापासून इटालियनांचा ‘पाने’, स्पॅनिशांचा ‘पान’ झाला. पोर्तुगीज भाषेत मात्र शब्दाच्या शेवटी आलेला ‘न’ विरघळून गेला आणि जाताना आपला अनुनासिक आधीच्या स्वराला देऊन गेला. त्यामुळे पोर्तुगीजात ‘पाउं’ असा, नाकातून निघणारा उच्चार तयार झाला. हा उच्चार गोव्याच्या कानाला परका नाही. सेंट जॉनला पोर्तुगीज ‘सांउ जुआंउ’ म्हणतात. त्याच्या सणाला गोव्यात ‘सांजांव’ म्हणतात. चोवीस जूनला, भर पावसाळ्यात, विहिरींत उड्या मारून साजऱ्या होणाऱ्या या सणाच्या नावात तोच नाकातला स्वर दोनदा ऐकू येतो.

पोर्तुगीजांनी गोवा १५१० साली घेतला आणि त्यांच्याबरोबर भट्टीत भाजलेली, आंबवलेल्या गव्हाच्या पिठाची रोटी आली. गोव्यात यीस्ट कोठून मिळावे? मग माडाची सूर घालून पीठ आंबवण्याची रीत पडली. भाजणाऱ्याला पोर्तुगीज ‘पादेइरु’ म्हणत; त्याचा कोंकणीत ‘पोदेर’ झाला. गोव्यात आजही पहाटे सायकलीला टोपली बांधून, भोंगा वाजवत पोदेर दारावर येतो. त्याच्या टोपलीत साधा पाव असतो, कडक कवचाचा उंडो असतो, कांकणासारखी गोल कांकणे असतात. पुढे गोव्याची मंडळी मुंबईत गेली, त्यांनी तेथे भट्ट्या घातल्या आणि पाव मुंबईकरांचा झाला. आज वडापावाशिवाय मुंबईची कल्पना करता येत नाही.

शब्द वस्तूबरोबर आला याला पुरावा काय? पुरावा त्या नाकातल्या स्वराचा. मराठीने तो टाकून दिला, पण बंगालीने ‘पाँउरुटी’त ठेवला आणि गुजरातीत ‘पाउंभाजी’ अनुस्वारासह लिहितात. चतुर्थांशवाचक शब्दात गुजराती कधी अनुस्वार देत नाही. म्हणजे बडोद्याच्या त्या गृहस्थांची स्वतःची भाषाच त्यांच्या विरुद्ध साक्ष देते! बंगालीने आणखी एक गंमत केली. ‘पाँउ’ म्हणजे रोटी हे ठाऊक नसल्याने पुढे ‘रुटी’ जोडली. हिंदीतही ‘पावरोटी’ झाली. अर्थाने पाहिले तर ती ‘रोटीरोटी’ होय.

याहून मोठा पुरावा दूर पूर्वेकडे आहे. पोर्तुगीज १५४३ साली जपानला पोहोचले. जपानी भाषेत आजही अशा रोटीला ‘पान’ म्हणतात. जपान्यांकडून तो शब्द कोरियात गेला आणि तेथे ‘प्पांग’ झाला. जपानी भाषेत ना आपला ‘पाय’, ना आपली ‘पावली’. तरीही शब्द तोच. मग पायाने तुडवल्यामुळे ‘पाव’ हे नाव पडले, असे म्हणायला जागा कोठे राहिली? एखाद्या भट्टीत कोणी कणीक पायाने मळलीही असेल. जगात पुष्कळ ठिकाणी पूर्वी तसे करीत. पण नाव त्यावरून पडलेले नाही, एवढे निश्चित.

या पोर्तुगीज शब्दांच्या प्रवासाचा सर्वांत मोठा शोध घेतला तो एका गोमंतकीयानेच. बारदेश तालुक्यातील आसगावचे मोन्सिन्योर सेबास्तियांव रोदोल्फ दाल्गाद (१८५५ ते १९२२) हे धर्मगुरू आणि तितकेच मोठे भाषापंडित. आशियातील भाषांवर पोर्तुगीज शब्दसंग्रहाचा झालेला परिणाम हा त्यांचा ग्रंथ १९१३ साली प्रसिद्ध झाला. त्याचे अँथनी झेवियर सोआरिस यांनी केलेले इंग्रजी भाषांतर १९३६ मध्ये कोठे निघाले? बडोद्यास, गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत. गोव्याचा शब्दशोध बडोद्याच्या राजाश्रयाने इंग्रजीत आला, ही गोष्ट आपल्या या विखुरलेल्या मराठी मुलखाला भूषणावह आहे.

श्रोतेहो, आता एक चमत्कार पाहा. पाय आणि पोर्तुगीज भाषा यांचे नाते मुळीच नाही असेही नाही. संस्कृतातील ‘पाद’, फारसीतील ‘पा’, ग्रीकांचा ‘पोदोस’, लॅटिनचा ‘पेदिस’ आणि इंग्रजांचा ‘फूट’ हे सारे एकाच मूळ भाषेतून फुटलेले सख्खे-चुलत भाऊ आहेत. फारसी ‘पा’वरूनच आपण ‘पायजमा’ घेतला. पोर्तुगीज भाषेत पायाला ‘पॅ’ म्हणतात. तोही याच घरचा. म्हणजे ‘पाय’ या मराठी शब्दाचा पोर्तुगीज भाषेत खरा नातलग आहे, पण तो भलताच आहे. लोकांनी तोंडवळा पाहून ‘पाव’ला नात्यात ओढले आणि खरा भाऊ दारात उभा राहिला. पोदेराच्या सायकलीचे पेडल याच लॅटिन पायापासून आले. खेड्यातला आपला सायकलवाला त्याला ‘पायडल’ म्हणतो आणि नकळत शुद्ध व्युत्पत्ती सांगून जातो. सायकलीच्या पायडलाचे आपल्या पायाशी नाते आहे, टोपलीतल्या पावाचे नाही!

उच्चारातील नाकाचे महत्त्व केवढे, हेही येथेच सांगतो. पोर्तुगीजात अनुनासिक काढून ‘पाउ’ म्हटले, तर त्याचा अर्थ लाकूड. तो लॅटिन ‘पालुस’, म्हणजे खुंट, यापासून आला. ज्या रंगाच्या लाकडावरून ब्राझील देशाला नाव मिळाले, त्या लाकडाला ‘पाउ-ब्राझील’ म्हणतात. तेव्हा लिस्बनच्या दुकानात जाऊन आपण आपल्या मराठी उच्चाराने ‘पाव’ मागितला, तर दुकानदाराला तो ओंडका ऐकू यावयाचा.

बेळगावच्या श्रोत्यांना आता चौथ्या कुळाची आठवण झाली असेल. कन्नडात ‘हावु’ म्हणजे साप. आजचा हा ‘हावु’ पंपकवीच्या काळच्या जुन्या कन्नडात ‘पावु’ होता. तमिळ व मलयाळम यांत ‘पांबु’, तेलुगूत ‘पामु’. हा शब्द द्रविड कुळाचा. संस्कृतशी किंवा लॅटिनशी त्याचे काही नाते नाही. बरो आणि एमेनो या दोन विद्वानांनी १९६१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या द्रविड व्युत्पत्तिकोशात ही सारी भावंडे एके ठिकाणी दिली आहेत. कन्नडाने पुढील काळात शब्दारंभीच्या ‘प’चा ‘ह’ केला. तमिळमधले ‘पाल’ म्हणजे दूध, ते कन्नडात ‘हालु’. तमिळमधले ‘पू’ म्हणजे फूल, ते ‘हूवु’. त्याच नियमाने ‘पावु’चा ‘हावु’ झाला.

पण आजच्या कन्नडातही ‘पावु’ आहेच! तांदूळ मोजावयाच्या पावशेरी मापाला कर्नाटकात ‘पावु’ म्हणतात. त्याचा ‘हावु’ का झाला नाही? कारण हे माप आपल्या चतुर्थांशाच्या घरातून कन्नडात गेले, आणि ते गेले तेव्हा ‘प’चा ‘ह’ करण्याची लाट ओसरून गेली होती. जुना पावु सरपटत निघून गेला, आणि त्याच्या रिकाम्या बिळात पावशेर येऊन बसला. भाषेतील ध्वनिनियम झाडाच्या खोडातल्या वर्तुळांसारखे असतात. त्यांवरून कोण आधी आले आणि कोण मागाहून, हे सांगता येते. हैदराबादेत तर दोन्ही शब्द आज शेजारीशेजारी नांदतात. तेलुगूत ‘पावु किलो’ म्हणजे पाव किलो, आणि ‘पामु’ म्हणजे साप.

शेवटचे कूळ चीनचे. चिनी भाषेत ‘बाओ’ म्हणजे गुंडाळणे, पुडके बांधणे. सारण भरून वाफवलेल्या पिठाच्या गोळ्याला म्हणूनच ‘बाओ’ हे नाव. हा ‘ब’ आपल्या ‘प’ला फार जवळचा, आणि दक्षिण चीनच्या होक्किएन बोलीत तर त्या पदार्थाला सरळ ‘पाउ’ म्हणतात. पदार्थ गव्हाच्या पिठाचा, मऊ, पांढरा, नाव ‘पाउ’. पोर्तुगीज पावाचाच हा भाऊ, असे कोणीही शपथेवर सांगेल. पण तसे नाही. पोर्तुगीज जहाजे चीनच्या किनाऱ्याला लागण्याच्या कितीतरी आधीपासून चिनी माणूस गुंडाळण्याला ‘बाओ’ म्हणतच होता. फिलिपाइन्समध्ये या दोन्ही कुळांची गाठ बाजारात पडते. चिनी व्यापाऱ्यांकडून आलेला ‘स्योपाव’ आणि स्पॅनिशांकडून आलेला ‘पान दे साल’, म्हणजे मिठाचा पाव, हे एकाच बाजारात विकले जातात. नावे सारखी वाटणारे ‘स्योपाव’ आणि गोव्याचा ‘पाव’ परके. आणि निराळे वाटणारे ‘पान दे साल’ आणि गोव्याचा ‘पाव’ सख्खे. तिकडे दूर हवाई बेटांवर ‘पाउ’ या शब्दाचा अर्थ ‘संपले, आटोपले’ असा आहे. माणसाच्या मुखातून निघू शकणारे ध्वनी मोजके आणि भाषा हजारो. तेव्हा असे योगायोग घडणारच.

मग नाते कसे ओळखावे? भाषाशास्त्राने घालून दिलेली रीत सोपी आहे. नुसत्या ध्वनिसाम्यावर विश्वास ठेवू नये. शब्दाची जुनी रूपे पाहावीत, शेजारच्या भाषांत तो कसा आढळतो ते पाहावे, ध्वनी कोणत्या नियमाने बदलले ते तपासावे, आणि ती वस्तू कोणी, केव्हा, कोठून आणली याची चौकशी करावी. या चार साक्षी जुळल्या तरच नाते मान्य करावे. सोयरीक जुळवताना नुसता चेहरा पाहून आपण थांबत नाही, कूळ विचारतो. शब्दांनाही तेच लागू आहे.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. पावाबद्दलची अढी केवळ पायामुळे नव्हती. सुरेने आंबवलेले, परधर्मीयाने भाजलेले, सत्ताधाऱ्यांच्या ताटातले, असे ते अन्न. विहिरीत पाव टाकला, लोक ते पाणी प्यायले आणि गावच्या गाव बाटला, अशा गोष्टी वसईकडे आणि गोव्यात पिढ्यान् पिढ्या सांगितल्या जात. त्यामागे परक्या सत्तेखालच्या माणसांचे खरे भय होते, हे नाकारू नये. पुण्यात १८९० साली पंचहौद मिशनमधील चहा-बिस्किटांवरून केवढे ग्रामण्य माजले, आणि त्यात लोकमान्य टिळक व न्यायमूर्ती रानडे यांचीही नावे आली, हे आपणास ठाऊक आहे. त्या काळी कोणाच्या हातचे काय खाल्ले यावर माणसाचे समाजातील स्थान ठरे. अशा वातावरणात ‘पाव म्हणजे पायाने तुडवलेले’ ही व्युत्पत्ती जन्मली, की ती टिकणारच. आधी अढी बसली आणि मग तिला आधार म्हणून शब्दाचा अर्थ शोधला गेला. पुष्कळ लोकव्युत्पत्ती अशाच जन्मतात. काळ बदलला, अढी गेली, पण व्युत्पत्ती मागे राहिली, आणि एखाद्या सकाळी ती भरल्या घरात पाहुणीला टोपली झाकायला लावते.

आणि या शब्दाच्या पोटात खरोखर काय आहे? लॅटिन ‘पानिस’ला ‘सह’ या अर्थाचा ‘कोम’ जोडून उत्तरकालीन लॅटिनात एक शब्द तयार झाला. त्याचा अर्थ, बरोबर बसून एक भाकरी खाणारा, म्हणजे सोबती. फ्रेंचमधून तो इंग्रजीत गेला आणि सोबत्यांच्या मेळ्याला ‘कंपनी’ हे नाव पडले. आपल्या आजोबांनी पाहिलेल्या नाटक कंपन्या, आपण पाहिलेल्या सर्कस कंपन्या, आणि आपल्यावर राज्य करून गेलेली ती ईस्ट इंडिया कंपनीसुद्धा, या सर्वांच्या नावात तोच पाव दडलेला आहे. जो पदार्थ खाल्ल्याने पंक्तीतून उठावे लागे, त्याच्याच नावातून एका पंक्तीला बसणाऱ्यांचे नाव तयार झाले.

लग्नाहून परतल्यावर काही महिन्यांनी मी पुन्हा बेळगावला गेलो होतो. आत्याबाईंना हे सगळे सावकाश सांगितले. लॅटिन, जपान, चीन त्यांनी शांतपणे ऐकून घेतले. मग त्यांनी एकच प्रश्न विचारला, “गोव्याच्या सूनबाईंना हे कुणी कळवलं का?” मी म्हटले, “नाही.” त्या म्हणाल्या, “मग आधी तिला पत्र टाक. आणि लिही, की पुढच्या खेपेला येताना टोपली घेऊन ये.”

ते पत्र मी त्याच दिवशी टाकले.